फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर सिलिंडर, तिच्या पाठीवर काहीच नाही

पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरत होता. निळंशार पाणी, वरून उन्हाची तिरीप, मधे एक तरुणी तरंगतेय. अंगाभोवती पांढरं झिरझिरीत कापड, मोकळे केस पाण्यात पसरलेले. खाली ओळ होती, 'कोरियाच्या जलपऱ्या'. पन्नासेक लोकांनी हात जोडले, बदाम टाकले. एकाने विचारलं, हे खरं असतं का हो? दुसऱ्याने उत्तर दिलं, हो, मी सिरीयलमध्ये पाहिलंय.

फोटो देखणा होता, त्यात वाद नाही. सिरीयलचंही खरं आहे. 2025 साली आलेली 'व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरिन्स' आपल्याकडच्या पोरापोरींनीही पाहिली, त्यात नायिकेची आई हेच काम करते. खटकला तो 'जलपरी' हा शब्द. कारण ज्या बायकांवरून असे फोटो सुचतात, त्यातल्या बहुतेकजणी आज साठीच्या पुढच्या आज्या आहेत. अंगावर काळा रबरी सूट, कमरेला शिशाची वजनं, चेहऱ्यावर गॉगलचा वळ. आणि त्या पाण्यात तरंगायला नाही, कामाला जातात.

त्यांना म्हणतात हेन्यो. शब्दशः अर्थ समुद्राची बाई. कोरियाच्या दक्षिणेला जेजू नावाचं ज्वालामुखीतून तयार झालेलं बेट आहे. वारा, दगड आणि बायका या तीन गोष्टी तिथे मुबलक, अशी जुनी म्हणच आहे. जमीन दगडाळ, पाणी मुरून जातं, भातशेती जेमतेम. मग पोट कशावर? समुद्रावर. या बायका श्वास रोखून तळाशी जातात आणि शंख, काटेरी अर्चिन, समुद्री शेवाळ आणि अबालोन काढून आणतात. अबालोन म्हणजे गोगलगायीच्या कुळातला, खडकाला घट्ट चिकटून बसणारा जीव. बाजारात त्याला चांगला भाव. युनेस्कोने 2016 साली या संस्कृतीला जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हाच्या नोंदीत कामाचं माप दिलंय: सुमारे दहा मीटर खोली, एका बुडीला साधारण एक मिनिट, दिवसाला सात तासांपर्यंत काम, वर्षाला नव्वद दिवस. ऑक्सिजनची नळकांडी नाही.

आता आपल्या त्या फोटोकडे परत या. पाण्याखालचा कलात्मक फोटो निघतो कसा? फोटोग्राफरच्या पाठीवर हवेचा सिलिंडर असतो. बाजूला आणखी एक पाणबुड्या उभा. मॉडेलच्या कपड्यांत वजनं लपवलेली, म्हणजे ती वर येऊ नये. एक क्लिक झाला की तो पाणबुड्या पुढे होऊन तिच्या तोंडाला हवेची नळी लावतो. ती दोन श्वास घेते, नळी बाजूला, पुन्हा पोज. रंगांचंही तसंच. पाणी आधी लाल रंग गिळतं. थोडं खोल गेलात की लाल साडी मळकट करडी दिसते. म्हणून मोठे फ्लॅश लावून रंग परत आणायचा. यात फसवणूक काही नाही, कलेची रीत आहे. पण सगळी मेहनत कशासाठी, तर श्वासाची धडपड दिसू नये, सगळं अलगद वाटावं यासाठी. हेन्योचं सगळं आयुष्य मात्र त्या एका श्वासाच्या हिशेबावर चालतं. त्या हिशेबाचा इतिहास फोटोत दिसत नाही. तोच आज सांगायचाय.

सुभेदाराची होडी

कोरियात तेव्हा जोसॉन राजांची सत्ता होती. जेजूने राजधानीला अबालोनचा नजराणा पाठवायचा, असा दंडक. 1443 साली तिथे आलेल्या गी गॉन नावाच्या सुभेदाराबद्दल असं सांगतात, की अबालोन काढणाऱ्यांचे हाल पाहून त्याने स्वतः ते खाणंच सोडलं. एका भल्या माणसाने खाणं सोडलं म्हणून नजराणा काही थांबला नाही.

सुरुवातीला खोल पाण्यात जाऊन अबालोन काढायचं काम पुरुषांकडेही होतं. नजराण्याचा बोजा इतका, की माणसं बेट सोडून पळायला लागली. मग 1629 साली राजाने बेट सोडून जाण्यावरच बंदी घातली. ती जवळजवळ दोनशे वर्षं टिकली. पुरुष कमी होत गेले, नजराण्याचा आकडा तोच राहिला, आणि काम बायकांच्या अंगावर आलं. म्हणजे ही परंपरा काही समुद्राच्या प्रेमातून उगवलेली नाही, तिच्या मुळाशी सरकारी वसुली आहे.

1702 साली ई ह्योंगसांग हा जेजूचा सुभेदार होता. त्याने आपल्या दौऱ्याचा एक चित्रसंग्रह करवून घेतला. चित्रकाराचं नाव किम नामगिल. तो संग्रह आजही आहे. त्यातल्या एका चित्रात अधिकारी मंडळी जलविहाराला निघालीत, होड्या पाण्यावर आहेत, आणि किनाऱ्याच्या खडकांजवळ छोट्या छोट्या बायका बुड्या मारताना दिसतात. या बायकांच्या अगदी जुन्या चित्रांपैकी हे एक. ते मला फार बोलकं वाटतं. साहेब होडीत, बाई पाण्यात. साहेबाचं नाव इतिहासात आहे, चित्रकाराचंही आहे. पाण्यातल्या बायकांपैकी एकीचंही नाही. सुभेदार वाईट नव्हता बरं का. नवरे आणि बायका दोघंही या नजराण्याखाली कसे पिचलेत, हे त्याने राजाला कळवलं होतं. पण चित्रात त्या कोपऱ्यातच राहिल्या.

शेकोटीचा इतिहास

या कामाची साधनं साधी. 'तेवाक' म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा. पूर्वी तो वाळवलेल्या भोपळ्याचा असायचा. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुकडी भोपळा बांधायचे, आठवतंय? तसाच. पुढे थर्माकोल आला. तेवाकला खाली जाळं लटकतं, त्यात माल टाकायचा. अबालोन खडकापासून उचकटायला 'बित्चांग' नावाची लोखंडी पट्टी. अंगात सुती घोंगता नव्हे, साधा सुती पोशाख, एका बाजूला बंद, म्हणजे पोट वाढलं तरी सैल करता यावा. कारण गरोदरपणातही या बायका पाण्यात उतरत. थंडीच्या दिवसांतसुद्धा.

पाण्यातून वर आल्यावर त्या पहिला श्वास सोडतात तेव्हा तोंडातून शीळ निघते. 'सुंबिसोरी' म्हणतात तिला. किनाऱ्यावरून ऐकणाऱ्याला पाखराची शीळ वाटेल. कोंडलेली हवा बाहेर टाकून ताजी आत घ्यायची, त्याचा तो आवाज. शीळ आली म्हणजे बाई वर आली. नाही आली, तर शेजारच्या बायकांनी मान वळवून पाहायचं. म्हणून एकटीने पाण्यात उतरायचं नाही, हा नियम.

किनाऱ्यावर दगड रचून केलेला गोल आडोसा असे, मधे शेकोटी. त्याला 'बुल्तोक'. तिथे कपडे बदलायचे, अंग शेकायचं आणि गावचे निर्णय घ्यायचे. कौशल्यानुसार तीन पायऱ्या: हागुन, चुंगगुन, सांगगुन. सांगगुन म्हणजे सगळ्यात अनुभवी. समुद्र कधी उघडायचा, कुठला माल कुठल्या महिन्यात काढायचा नाही, सगळं तिथे ठरायचं. म्हाताऱ्या बायकांसाठी किनाऱ्यालगतचा उथळ भाग राखून ठेवायचा, त्याला 'आजीचा समुद्र' म्हणत. ओनप्योंग गावात तर 1950 च्या दशकात शाळेसाठी समुद्राचा एक भागच वेगळा काढला. त्यातून निघणाऱ्या शेवाळाचा पैसा शाळेला. 'शाळेचा समुद्र'. आपल्या झेडपीच्या शाळांची गळकी छपरं पाहताना मला हे हमखास आठवतं.

आणि याच शेकोटीभोवतीची एकजूट पुढे रस्त्यावर आली.

जेजू जपानच्या ताब्यात होतं. हेन्योंच्या नावाने सहकारी संघ काढला होता, पण कारभार जपानी अधिकाऱ्यांच्या मुठीत. माल बायकांनी काढायचा, भाव संघाने पाडायचा, वर कपात. ऐकून ओळखीचं वाटतंय ना? जानेवारी 1932 मध्ये सेह्वा गावच्या बाजाराच्या दिवशी हादो आणि आसपासच्या गावांतल्या शेकडो हेन्यो निघाल्या. हातात बित्चांग आणि खुरपी. त्यांनी बेटाच्या जपानी प्रमुखाची गाडी अडवली आणि मागण्या मांडल्या. पुढे गावोगाव मोर्चे झाले. सगळे मिळून सुमारे सतरा हजार लोक यात उतरले असं मानतात. बू चुनह्वा, किम ओक्र्यॉन, बू दॉकर्यांग या तरुण मुली पुढे होत्या. रात्रशाळेत शिकलेल्या. त्यांना तुरुंगात टाकलं, छळ झाला.

1702 च्या चित्रात ज्यांना नाव नव्हतं, त्यांची नावं आपल्याला 1932 मध्ये कळतात. पाण्यात सुंदर दिसल्या म्हणून नाही, भाव विचारला म्हणून.

त्यानंतरही बेटाने सुख पाहिलं नाही. 1948 पासून तिथे सरकारी दडपशाहीत आणि संघर्षात पंचवीस ते तीस हजार माणसं मेली, असा अंदाज आहे. कित्येक गावांत पुरुष उरले नाहीत. तेव्हा घरं उभी केली ती याच बायकांनी.

कॅमेरा पाण्यात उतरतो

आता कॅमेऱ्याची बाजू पाहू. पाण्याखाली फोटो काढायची धडपड जुनी आहे. 1893 मध्ये फ्रान्सच्या लुई बुताँने स्वतः पाण्यात उतरून फोटो काढले. पण बाई, पाणी आणि सौंदर्य हे समीकरण लोकांच्या डोळ्यांत भरवलं ते अमेरिकेने. फ्लोरिडात सिल्व्हर स्प्रिंग्स नावाचे स्वच्छ पाण्याचे झरे आहेत. तिथे 1938 पासून ब्रूस मोझर्ट नावाचा फोटोग्राफर स्वतः बनवलेल्या जलरोधक पेटीत कॅमेरा घालून फोटो काढायचा. पाण्याखाली बायका स्वयंपाक करताहेत, फोनवर बोलताहेत, असले गमतीशीर. शेगडीचा धूर दिसावा म्हणून डब्यातलं दूध वापरायचा पठ्ठ्या! 1947 मध्ये टोनी फ्रिसेल या फोटोग्राफर बाईंनी फ्लोरिडातच वीकी वाची इथे लांब पांढऱ्या झग्यातल्या तरंगत्या स्त्रीचा फोटो काढला. आज आपल्या फोनवर जे 'जलपरी' छाप फोटो येतात, त्यातल्या अनेकांची आजी म्हणजे हा फोटो.

मग कॅमेरा आशियात आला. जपानमध्येही अशा पाणबुड्या बायका आहेत, त्यांना 'अमा' म्हणतात. इटलीच्या फोस्को मराइनी यांनी 1954 मध्ये हेकुरा बेटावर जाऊन त्यांचे पाण्याखालचे फोटो घेतले, त्याचं पुस्तक 1960 मध्ये आलं. फोटो अप्रतिम. पण त्या काळात अमा कमरेवर काही न घालता बुडी मारत. पश्चिमेच्या वाचकाने त्यात कामापेक्षा काय पाहिलं असेल, ते वेगळं सांगायला नको. 1967 मध्ये तर 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या जेम्स बाँडच्या सिनेमातही अमा आल्या.

त्याच 1967 साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कोरिया आणि जपानच्या पाणबुड्या बायकांवर एक लेख आला. हाँग आणि राह्न या दोन शरीरशास्त्रज्ञांचा. सुती कपड्यांत गार पाण्यात उतरणाऱ्या हेन्योंचं शरीर हिवाळ्यात आतून जास्त उष्णता तयार करतं आणि त्यांना कुडकुडी उशिरा भरते, असं या अभ्यासांतून दिसलं. एकाच वर्षात एकीकडे बाँडचा सिनेमा आणि दुसरीकडे या बायकांची थंडी मोजणारा थर्मामीटर. लोकांच्या लक्षात कोण राहिलं, हे तुम्हीच सांगा.

1970 च्या दशकात रबरी सूट आले. थंडी वाजेना, म्हणून तासाभराचं काम चार-पाच तासांवर गेलं. कमाई वाढली. त्याबरोबर डोकेदुखी, कानदुखी वाढली, तळाचा मालही झपाट्याने उपसला गेला. पुढे शास्त्रज्ञांनी पुन्हा मोजलं, तर शरीराची ती जुनी थंडी सोसायची ताकद निघून गेली होती. दर तासाला अंग शेकायची गरज उरली नाही, तशा बुल्तोकच्या शेकोट्याही विझल्या. सूट आला, पण जिथे बसून भाव ठरायचा आणि भांडण मिटायचं ती जागा गेली.

मग फोटो काढूच नयेत का?

काढावेत की. पण कसे, ते दोन कोरियन फोटोग्राफरांकडे पाहून कळतं.

एक ह्युंग किम. त्यांनी 2012 पासून काही वर्षं जेजूच्या किनाऱ्यावर पांढरा पडदा लावला आणि नुकत्याच पाण्यातून बाहेर आलेल्या हेन्योंना त्यापुढे उभं केलं. निळं पाणी नाही, उन्हाची तिरीप नाही. ओला सूट, गॉगलचा वळ, सुरकुत्या, हातात अवजार, पाठीला जाळं. 2015 मध्ये न्यूयॉर्कमध्ये हे फोटो मोठ्या आकारात लागले. पाण्याखाली न जाताही पाण्याचं वजन त्यात दिसतं.

दुसरी वाय. झिन या नावाने काम करणारी कोरियन फोटोग्राफर. ही पाण्याखालीच जाते. तिने हेन्योंचे पाण्यातले हसरे फोटो काढले. म्हातारी म्हणजे थकलेली, बिचारी, हा ठसा तिला पुसायचा होता. मला हेही पटतं. कष्ट करणाऱ्या बाईचा फोटो रडकाच असला पाहिजे असं कुठे आहे? जमिनीवर गुडघे धरून चालणारी आजी पाण्यात खरंच हलकी होते. ते सौंदर्य खोटं नाही. फरक इतकाच, की तिथे हसणारी बाई ही त्या कामातली बाई आहे.

आणि घाई यासाठी, की माणसं संपत चाललीत. 1965 च्या सुमारास जेजूत सुमारे 23,000 हेन्यो होत्या. आता तीन हजारांच्या आत. त्यातल्याही नव्वद टक्क्यांच्या आसपास साठी ओलांडलेल्या. नव्या मुलींना शिकवायला 2008 पासून हेन्यो शाळा निघाल्या, पण येणाऱ्या थोड्या. समुद्र तापतोय, खडकांवरचं शेवाळ मरून तळ पांढरा पडतोय, शेवाळ नाही तर अबालोन कुठून येणार? 2023 मध्ये जपान फुकुशिमा अणुप्रकल्पाचं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायच्या तयारीला लागला, तेव्हा याच आज्या पुन्हा रस्त्यावर उतरल्या. आमच्या मालाला कोण हात लावणार, हा त्यांचा प्रश्न. 1932 चा मोर्चा आणि हा मोर्चा, मधे नव्वद वर्षं. फोटो वाढताहेत आणि हेन्यो कमी होताहेत, असा हा उलटा हिशेब आहे.

आता म्हणाल, जेजूच्या आज्यांचं तुम्हाला एवढं काय पडलंय? सांगतो.

मी स्वतः वीस वर्षं बातम्या आणि फोटो करतोय. दर वर्षी आठ मार्च जवळ आला की वरून निरोप येतो, कष्टकरी महिलेचा एखादा छान फोटो पाठवा. एका वर्षी मी गावाबाहेरच्या वीटभट्टीवर गेलो. संध्याकाळचं ऊन, उडणारी धूळ, डोक्यावर विटांची चळत घेतलेली बाई. फोटो फक्कड आला. पहिल्या पानावर चार कॉलम लागला. ओळ मीच दिली होती, 'जिद्दीला सलाम'. खूप फोन आले. फुगलो होतो.

त्याच आठवड्यात ती बाजारात भेटली. म्हणाली, "दादा, फोटू लई झ्याक आलाय म्हनत्यात. पन हजार इटंमागं आमाला काय मिळतं, ते न्हाई व्हय लिवलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी भाव विचारलाच नव्हता. खरं सांगू? मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. तीनशे वर्षांपूर्वी होडीत बसलेला सुभेदार आणि कॅमेरा घेऊन उभा असलेला मी, त्या क्षणी फार वेगळे नव्हतो.

तेव्हापासून एक नियम पाळतो. फोटो काढायच्या आधी नाव, गाव आणि मजुरी विचारायची. कधी छापलं जातं, कधी जागेअभावी कापलं जातं. पण विचारायचं.

म्हणून तो 'जलपरी'चा फोटो पुन्हा तुमच्या ग्रुपवर आला, तर जरूर बघा, आवडला तर पुढेही पाठवा. फक्त खाली एक ओळ तुमची घाला: ही बाई एका श्वासात दहा मीटर खाली जाते, वर आल्यावर शीळ घालते, आणि हिच्या आजीने 1932 साली मालाचा भाव विचारायला साहेबाची गाडी अडवली होती.

आणि तुमच्या गावात असा फोटो काढण्याजोगा कोणी कष्ट करणारा दिसला, तर आधी नाव विचारा. ते खाली कमेंटमध्ये लिहा, त्यांची परवानगी घेऊन. मी येतो.